बाळाचे पहिल्या दिवसापासूनचे झटके आणि एसएलसी१३ए५: रक्तातलं सायट्रेट वाढलेलं असेल तर संत्री-लिंबू बंद करायचं का, कीटो सुरू करायचा का?

प्रश्न: बालरोग_मिहान (नागपूर)

नमस्कार. चयापचय आणि मेंदूविकार बघणाऱ्यांचं मत हवं आहे.

बाळ चार महिन्यांचं, पूर्ण दिवसांचं, जन्मतः रडलेलं, नाळेच्या रक्ताचा पीएच नॉर्मल. जन्मल्यावर २४ तासांच्या आत झटके सुरू झाले. साखर, कॅल्शियम, मॅग्नेशियम, अमोनिया, लॅक्टेट सगळं ठीक. ईईजी (मेंदूच्या लहरींची नोंद) चालू ठेवून पायरिडॉक्सिन (जीवनसत्त्व ब६) १०० मिग्रॅ शिरेतून दिलं, पट्टीवर काही बदल नाही. एमआरआयमध्ये पांढऱ्या द्रव्यात बारीक ठिपके आले आणि 'ऑक्सिजन कमी पडल्याचा परिणाम' असा अहवाल आला. जन्माचा इतिहास बघता तो पटत नाही. सध्या फेनोबार्बिटोन आणि लेव्हेटिरॅसिटाम चालू आहे, तरी आठवड्यातून दोनतीनदा झटक्यांची रांग लागतेच.

आता एक्झोमचा (सगळे जीन एकत्र वाचणाऱ्या तपासणीचा) अहवाल आला: एसएलसी१३ए५ जीनमध्ये होमोझायगस (दोन्ही प्रतींत सारखाच) मिसेन्स बदल, वर्ग व्हीयूएस (अर्थ अजून अनिश्चित असलेला बदल). आईवडील आते-मामे भावंडं.

घरच्यांनी 'सायट्रिक अ‍ॅसिडचा आजार' एवढंच ऐकलं आणि बाळंतिणीचं संत्रं, लिंबू, चिंच सगळं बंद केलं. वर कोणीतरी कीटो डाएट (भरपूर चरबी, अगदी कमी कर्बोदकं) सुचवला आहे. मला विचारायचं आहे की सायट्रेटचा आणि झटक्यांचा संबंध नेमका कसा लागतो, निदान पक्कं करायला काय पाठवू, आणि कीटोचं काय करू?

उत्तर १: चयापचय_ओपीडी

आधी त्या आईचं जेवण सुरू करा. तिचं संत्रं आजच चालू झालं पाहिजे.

बाळाच्या रक्तातलं सायट्रेट आईच्या ताटातून येत नाही. जवळपास प्रत्येक पेशीच्या मायटोकॉन्ड्रियात ऑक्झॅलोअ‍ॅसिटेट आणि अ‍ॅसिटिल कोए जोडून ते अखंड तयार होत असतं, आणि शरीरातला त्याचा बहुतांश साठा हाडांत असतो. आईच्या दुधातही सायट्रेट असतं आणि ते तिच्या स्तनातल्या पेशीच बनवतात. आईनं लिंबू सोडून बाळाला फायदा शून्य. तिचं मात्र क जीवनसत्त्व जातं आणि डोक्यात 'माझ्या खाण्यामुळं झालं' हे कायमचं बसतं. हे तुम्ही घरातल्या मोठ्यांना समोर बसवून सांगा, फक्त आईला सांगून भागत नाही.

आता यंत्रणा. या जीनपासून एनएसीटी नावाचा वाहक बनतो. सोडियमच्या ओढीवर तो बाहेरचं सायट्रेट पेशीच्या आत घेतो. यकृतात तो भरपूर असतो, आणि मेंदूत मुख्यतः चेतापेशींच्या आवरणावर. चेतापेशीला बाहेरून सायट्रेट कशाला लागतं, खरी गोम इथं आहे. ती ग्लुटामेट आणि गाबा (चेतापेशींमधले निरोप पोचवणारे रेणू) सतत बाहेर सोडते. हे दोन्ही क्रेब्ज चक्रातल्या (पेशीला ऊर्जा देणाऱ्या चक्रातल्या) अल्फा-कीटोग्लुटारेटपासून बनतात, त्यामुळं चक्रातला माल सारखा गळतो. ही गळती भरून काढणारं पायरुवेट कार्बोक्झिलेज हे एन्झाइम मेंदूत अ‍ॅस्ट्रोसाइटकडे (चेतापेशींना आधार देणाऱ्या पेशींकडे) असतं, चेतापेशीकडे जवळपास नसतंच. म्हणून अ‍ॅस्ट्रोसाइट ग्लुटामिन आणि सायट्रेट बाहेर सोडतात आणि चेतापेशी ते उचलते. आत आलेल्या सायट्रेटमधून अ‍ॅसिटिल कोए निघतं. चरबीचे रेणू बनवायला, अ‍ॅसिटिलकोलीनला, हिस्टोनवर अ‍ॅसिटिल गट चढवायला ते लागतं. वाढत्या मेंदूत या सगळ्याची मागणी जोरात असते.

वाहक बंद पडला की घराबाहेर पोती रचलेली आणि आत चूल थंड. रक्तात आणि सीएसएफमध्ये (मेंदू-मणक्याभोवतीच्या द्रवात) सायट्रेट चढलेलं, चेतापेशी मात्र उपाशी. रक्तातला आकडा बघून 'सायट्रेट जास्त झालंय, कमी करा' असं वाटणं साहजिक आहे, पण बाळाचं नुकसान आतल्या तुटीतून होतं.

बाहेर साचलेलं सायट्रेटही निरुपद्रवी नाही. ते जस्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम यांना बांधून ठेवतं. त्यातलं जस्त एरवी एनएमडीए रिसेप्टरवर (चेतापेशीला उत्तेजित करणाऱ्या दारावर) लगाम ठेवतं. ते बांधलं गेलं की रिसेप्टर जास्त उघडतो आणि चेतापेशी भडकते, असं पेशींवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. थोडक्यात, दोन्ही बाजूंनी झटक्यांना वाट मिळते.

लॅक्टेट नॉर्मल म्हणून क्रेब्ज चक्राकडे दुर्लक्ष होतं, तुमच्याकडेही अहवाल तसेच आले. इथं चक्रातलं एकही एन्झाइम बिघडलेलं नाही, दार बिघडलेलं आहे. पायरुवेट डिहायड्रोजनेजच्या कमतरतेत लॅक्टेट चढतं, फ्युमारेजच्या कमतरतेत लघवीत फ्युमारिक अ‍ॅसिड सापडतं. या आजारात असा ठळक मागमूस नेहमीच्या तपासण्यांत लागत नाही.

उत्तर २: जैवरसायन_टेबलावरून

प्लाझ्मातल्या (रक्तातल्या द्रव भागातल्या) सायट्रेटच्या नमुन्याबद्दल लिहितो, कारण ही तपासणी बहुतेक वेळा नळीतच बिघडते.

रक्त निळ्या बुचाच्या नळीत घेऊ नका. पीटी-आयएनआरसाठी (रक्त गोठण्याच्या तपासणीसाठी) वापरतो त्या नळीत ३.२ टक्के सोडियम सायट्रेट भरलेलंच असतं, म्हणजे तुम्ही बाळाचं नव्हे तर नळीचं सायट्रेट मोजाल. हिरवी (हेपारिन) किंवा जांभळी (ईडीटीए) नळी चालते, पण ज्या प्रयोगशाळेला पाठवणार तिला कोणती हवी ते आधी फोनवर विचारा. २ मिली रक्त पुरतं. लगेच बर्फावर ठेवा, प्लाझ्मा वेगळा करा, गोठवा आणि कोरड्या बर्फात पाठवा. एप्रिल-मे मध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास असतो. साध्या जेल पॅकवर दुपारच्या गाडीनं गेलेल्या नमुन्याचा आकडा आला तरी त्यावर विसंबू नका. शुक्रवारी पाठवू नका, शनिवार-रविवार डबा कुठंतरी पडून राहतो.

बाळाला नुकतंच रक्त, प्लाझ्मा किंवा प्लेटलेट चढवलं असेल तर थांबा. त्या पिशव्यांत सायट्रेट असतं. पोटॅशियम सायट्रेटचं सिरप चालू असेल तर तेही अर्जावर लिहा.

प्रौढांत प्लाझ्मा सायट्रेट साधारण १०० ते १५० मायक्रोमोल प्रति लिटर असतं. तान्ह्या बाळांत ते मुळातच वर असतं, म्हणून त्याच वयाची संदर्भमर्यादा छापलेली असेल तरच अहवाल वाचा. सीएसएफमधली पातळी निरोगी माणसातही रक्तापेक्षा जास्त असते. रक्ताच्या मर्यादेशी सीएसएफची तुलना केली तर निरोगी बाळही आजारी ठरेल.

लघवीच्या ऑरगॅनिक अ‍ॅसिड तपासणीवर 'लक्षणीय काही नाही' असा शेरा आला असेल तर त्यानं हा आजार नाकारला जात नाही. जीसीएमएसच्या (ही तपासणी करणाऱ्या यंत्राच्या) आलेखात सायट्रेटचं शिखर सगळ्यांच्याच लघवीत असतं, त्यामुळं वाचणारा ते सोडून पुढं जातो. शिवाय या मुलांत लघवीतलं सायट्रेट दरवेळी ठळक वाढलेलं नसतं. आणि मुतखड्यासाठी २४ तासांच्या लघवीतलं सायट्रेट मोजणारी किट जवळच्या लॅबमध्ये मिळते, ती इथं कामाची नाही.

अजून एक. सीएसएफ काढणारच असाल तर त्यातली साखर तिथंच मोजा, आणि रक्तातल्या साखरेचा नमुना मणक्यात सुई घालण्याच्या आधी घ्या. सुईच्या वेदनेनं रक्तातली साखर चढते आणि सीएसएफ-रक्त साखरेचं गुणोत्तर खोटं खाली येतं. ग्लुट-१ ची (मेंदूत साखर नेणाऱ्या वाहकाची) कमतरता त्याच बसण्यात तपासून होईल.

बालरोग_मिहान

लघवीचा अहवाल अगदी तसाच आहे, 'लक्षणीय काही नाही'. आता रक्त जांभळ्या नळीत पाठवतो. कीटोबद्दल कोणी सांगेल का? आणि या आजारात दातांचा उल्लेख सगळीकडे वाचतो, पण बाळाला अजून एकही दात नाही.

उत्तर ३: बालमेंदू_धंतोली

कीटो इथं आपोआप लिहून देण्याची गोष्ट नाही. ग्लुट-१ आणि पायरुवेट डिहायड्रोजनेज या दोन आजारांत तो मूळ उपचार आहे, म्हणून 'चयापचयाची आकडी म्हणजे कीटो' असं समीकरण डोक्यात बसतं. एसएलसी१३ए५ मध्ये अनुभव मिश्र आहेत: काहींना फायदा, काहींचे झटके वाढलेले. माझ्या मते औषधांची नीट मांडणी झाल्याशिवाय तिकडं वळू नये. वळायचंच असेल तर अ‍ॅसिलकार्निटिन प्रोफाइल (चरबी जाळण्यातला दोष दाखवणारी रक्ततपासणी) आधी हातात हवं. फॅटी अ‍ॅसिड ऑक्सिडेशनचा दोष किंवा पायरुवेट कार्बोक्झिलेजची कमतरता असलेल्या बाळाला कीटो दिला तर ते कोसळतं. तान्ह्या बाळाला उपाशी ठेवून सुरुवात करू नका, भरती करून ३:१ च्या (वजनानं चरबी तीन, प्रथिनं-कर्बोदकं मिळून एक) आतच ठेवा. आणि मुतखडा टाळायला कीटोसोबत पोटॅशियम सायट्रेट देण्याची जी सवय आहे ती इथं थांबवून चयापचयवाल्यांना विचारा. या आजारात सायट्रेट आधीच चढलेलं असतं.

औषधांकडे येतो. या मुलांत गाबाच्या बाजूनं काम करणारी औषधं, म्हणजे फेनोबार्बिटोन, बेंझोडायझेपाइन, व्हॅल्प्रोएट, आणि कार्बोनिक अ‍ॅनहायड्रेज रोखणारी अ‍ॅसिटाझोलामाइड व टोपिरामेट यांचा उपयोग झाल्याचं नोंदलेलं आहे. एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही, दोनतीन मिळून बसवावी लागतात. लेव्हेटिरॅसिटामचा पूर्ण डोस देऊनही रांगा चालू असतील तर ते ओढत बसू नका.

जोड्या लावताना जिथं घसरायला होतं त्या जागा सांगतो. फेनोबार्बिटोन चालू असताना व्हॅल्प्रोएट घातलं की फेनोबार्बिटोनची पातळी चढते. बाळ दिवसभर झोपतं, दूध ओढत नाही, आणि घरचे 'आजार वाढला' म्हणून घाबरतात. व्हॅल्प्रोएट घालण्याआधीच फेनोबार्बिटोन कमी करायचं ठरवा आणि पातळी काढा. दोन वर्षांखालच्या बाळात व्हॅल्प्रोएट देताना यकृताची भीती खरी आहे, म्हणून एक्झोममध्ये पीओएलजी (या जीनमध्ये दोष असेल तर व्हॅल्प्रोएटनं यकृत निकामी होऊ शकतं) स्वच्छ आहे का ते अहवालातून विचारून घ्या. व्हॅल्प्रोएट आणि टोपिरामेट एकत्र असतील आणि बाळ मलूल झालं, उलट्या सुरू झाल्या, तर पहिली तपासणी अमोनियाची, यकृताचे एन्झाइम नॉर्मल असले तरीही. टोपिरामेट आणि अ‍ॅसिटाझोलामाइड एकत्र शक्यतो नको. दोन्ही बायकार्बोनेट खाली आणतात आणि मुतखड्याचा धोका वाढवतात. यातलं एकच ठेवा, बायकार्बोनेट आणि पोटॅशियम ठरावीक अंतरानं बघा.

नागपूरसाठी मुद्दाम लिहितो. टोपिरामेट आणि झोनिसामाइड या औषधांनी घाम कमी येतो. बाळ लालबुंद, अंग तापलेलं, पण कपाळ कोरडं, असं दिसलं तर तो ताप पॅरासिटामॉलनं उतरणार नाही. बाळाला सावलीत घ्या, ओल्या फडक्यानं अंग पुसा, कूलरसमोर धरा, दूध पाजा आणि औषधाबद्दल लगेच डॉक्टरांना फोन करा. औषध मनानं बंद करू नका, एकदम तोडलं तर स्टेटसमध्ये (न थांबणाऱ्या झटक्यात) जाईल. या आजारात तापानं झटके येणं आणि स्टेटसपर्यंत पोचणं ही नेहमीची वाट आहे, त्यामुळं उन्हाळा हा उपचाराचाच भाग समजा. टोपिरामेट सुरू करायला मे हा वाईट महिना. पर्याय असेल तर पाऊस लागू द्या.

घरी मिडाझोलामची नाकातली फवारणी हवीच. डोस किलोला ०.२ मिग्रॅ. बाजारात एका फवाऱ्याला ०.५ मिग्रॅ आणि १.२५ मिग्रॅ अशा दोन ताकदी मिळतात. सहा किलोच्या बाळाला १.२ मिग्रॅ लागतं, म्हणजे साधारण ०.५ वाल्या बाटलीचे दोन फवारे (१ मिग्रॅ), एकेका नाकपुडीत एक. दुकानदारानं १.२५ ची बाटली दिली आणि घरच्यांनी सवयीनं दोन फवारे मारले तर डोस २.५ मिग्रॅ, म्हणजे दुपटीहून जास्त होतो आणि श्वास मंदावू शकतो. म्हणून चिठ्ठीवर 'दोन फवारे' एवढंच लिहू नका, बाटलीची ताकदही लिहा. वजन वाढलं की फवारे पुन्हा मोजा. झटका पाच मिनिटांवर गेला की फवारणी, थांबला नाही तर थेट मेडिकल, मेयो (नागपूरची सरकारी रुग्णालयं), जे जवळ असेल तिथं.

एमआरआयबद्दल तुमचा संशय योग्य आहे. पूर्ण दिवसांच्या, नीट जन्मलेल्या बाळात पांढऱ्या द्रव्यातले बारीक ठिपके या आजारात वर्णन केलेले आहेत. पहिल्या महिन्यांत ते पुसट होतात, पुढं व्रणासारखी खूण राहू शकते. जुन्या फिल्म्स रेडिओलॉजिस्टला जीनचं नाव सांगून पुन्हा वाचायला द्या. 'जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला' हे वाक्य कागदावर राहिलं तर आईबाप वर्षानुवर्षं प्रसूतीला दोष देत राहतात.

उत्तर ४: बालदंत_मेडिकल_चौक

चार महिन्यांच्या बाळाचे दात दिसणार नाहीत, म्हणूनच हे निदान नवजात वयात हुकतं. एक्झोमच्या अर्जावर त्या वेळी 'झटके' एवढंच लिहिलेलं असतं. पहिला दात साधारण सहा ते दहा महिन्यांत येईल. तो पूर्ण येण्याची वाट न बघता, हिरडीतून टोक निघालं की दाखवा.

काय दिसतं ते लिहिते. इनॅमलचा थर पातळ, दात पिवळट, पृष्ठभागावर खड्डे किंवा आडव्या चरा, कडा लवकर झिजलेल्या. काही मुलांत दात कमीही असतात. एखाद्या दातापुरतं हे नसतं, सगळीकडे असतं, आणि दुधाच्या दातांनंतर कायमच्या दातांतही येतं. फेनिटोइनमुळं हिरडी सुजते, इनॅमल पातळ होत नाही. औषधाच्या गोड सिरपमुळं किडतात तेही वेगळं दिसतं: दात आधी नीट येतो, मग समोरच्या वरच्या दातांना हिरडीलगत कीड लागते.

विदर्भात अजून एक गोंधळ होतो. कुटुंब चंद्रपूर किंवा यवतमाळकडचं असेल तर डाग बघताच 'पाण्यातलं फ्लोराइड' असं लिहून मोकळं होतात. फ्लोरोसिस मुख्यतः कायमच्या दातांत दिसतो. खडूसारखे पांढरे ते तपकिरी डाग असतात, आणि त्याच विहिरीचं पाणी पिणाऱ्या भावंडांचेही दात तसेच असतात. इथं दुधाचे दातच खराब असतात. शंका असेल तर पाण्याचं फ्लोराइड मोजून घ्या, लिटरला १.५ मिग्रॅच्या आत असेल तर तो मुद्दा बराच मागे पडतो. क्ष-किरणात इनॅमलचा पांढरा थर पातळ किंवा जवळजवळ नाहीसा दिसतो.

उपचार लवकर सुरू करा. पहिल्या दातापासून १००० पीपीएमची पेस्ट, तांदळाच्या दाण्याएवढी, दिवसातून दोनदा, घासणारं माणूस मोठं हवं. ५ टक्के सोडियम फ्लोराइडचं वार्निश दर तीन महिन्यांनी. दाढा आल्या की स्टीलच्या टोप्या, कारण पातळ इनॅमलवर नेहमीचं फिलिंग धरत नाही, पडतं. सिरप दिल्यावर दोन चमचे पाणी पाजा. औषध बिनसाखरेच्या रूपात किंवा गोळी विरघळवून देता येतं का ते डॉक्टरांना विचारा. भूल देऊन काम करायचं असेल तर त्या दिवशीची झटक्यांची सकाळची गोळी चुकवू नका. 'उपाशी पोटी या' म्हटलं की घरचे गोळीही टाळतात. भूलतज्ज्ञांना विचारून घोटभर पाण्यासोबत ती द्यायचीच.

उत्तर ५: जनुक_समुपदेशक

व्हीयूएस म्हणजे 'काही नाही' नव्हे आणि 'हाच आजार' पण नव्हे. तो वर्ग वर सरकवायला पुरावा लागतो, आणि या जीनच्या बाबतीत तो तुमच्या हातात आहे. वयानुसार वाढलेलं प्लाझ्मा सायट्रेट, जन्मानंतर लगेचचे झटके, पुढं दिसणारे दात हे सगळं लेखी कळवा आणि प्रयोगशाळेला पुनर्वर्गीकरण करायला सांगा. दात आल्यावर फोटोसकट पुन्हा कळवा.

त्याआधी आईवडील दोघांची त्या एकाच बदलासाठी सँगर तपासणी करा. दोघंही वाहक (जीनची एकच प्रत बदललेली असलेले) निघाले तर होमोझायगस खरं. एकच निघाला तर अहवालातलं 'होमोझायगस' फसवं असू शकतं: दुसऱ्या प्रतीत तुकडाच गळालेला असेल, किंवा दोन्ही प्रती एकाच पालकाकडून आल्या असतील. मग डिलीशनची वेगळी तपासणी लागते. पुढच्या गरोदरपणाचा धोका यावरच ठरतो.

हा आजार ऑटोसोमल रिसेसिव्ह (दोन्ही प्रती बिघडल्या तरच होणारा) आहे, २०१४ मध्ये पहिल्यांदा वर्णन झाला, जीन १७व्या गुणसूत्रावर. दोघं वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के धोका. 'एक झालं, आता पुढची तीन ठीक' असा हिशोब घरात होतो, तो तिथंच खोडा. मामा-आत्याकडचं लग्न हे कारण म्हणून सांगताना शब्द जपा. आपल्याकडे ते रीतीनं झालेलं असतं, आणि सांगण्याचा उपयोग पुढच्यांना तपासता यावं एवढाच आहे. वाहक स्वतः निरोगी असतात. बाळाच्या काका-मावशांपैकी कोणाचं नात्यात लग्न ठरत असेल तर त्यांची तपासणी आधी होऊ शकते.

बालरोग_मिहान

आईला पुन्हा दिवस गेल्याची शंका आहे, पाळी दहा दिवस पुढं गेली. आधी काय करू?

जनुक_समुपदेशक

मग क्रम बदला. आईवडिलांची सँगर याच आठवड्यात पाठवा, दोघांचं ईडीटीएमध्ये २ ते ४ मिली, बाळाच्या अहवालातल्या बदलाचा पूर्ण क्रमांक सोबत लिहून. बाळाचं प्लाझ्मा सायट्रेटही त्याच दिवशी. व्हीयूएसवर गर्भाची तपासणी करून काही ठरवता येत नाही, वर्ग आधी पक्का व्हायला हवा. सोनोग्राफीनं आठवडे निश्चित करा. वारेचा नमुना ११ ते १३ आठवड्यांत घेता येतो, तो हुकला तर १६ आठवड्यांपासून गर्भजल. पीसीपीएनडीटीखाली (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या कायद्याखाली) नोंदणी असलेल्या केंद्रातच, लेखी संमती घेऊन. जनुकीय आजारासाठी ही तपासणी कायद्यात बसते, लिंग मात्र कोणी सांगणार नाही आणि घरच्यांनी विचारूही नये. गर्भाच्या नमुन्यासोबत आईचं रक्तही पाठवा, म्हणजे नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्या आहेत का ते तपासता येईल. ते राहिलं तर आलेल्या निकालावर भरवसा ठेवता येत नाही.

आज तुम्ही फोन केला तर पाळी पुढं गेल्याचे दिवस धरून तुमच्याकडे वारेच्या तपासणीपर्यंत जेमतेम पाचसहा आठवडे आहेत. सँगरचा निकाल यायलाच त्यातले दोनतीन जातील.